उत्तरासाठी सोडलेली जागा

रिठद हे वाशिम-रिसोड रस्त्यावरचं, सोयाबीन-तुरीच्या शिवारातलं गाव. इथल्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. गावात इंग्रजी डोळ्यांना पुष्कळ दिसतं. खताच्या पोत्यावर, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर, मोबाइलच्या दुकानाच्या पाटीवर, मुलांच्या टी-शर्टवर. कानाला मात्र ते लागत नाही. घरी वऱ्हाडी, तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरबोली, टीव्हीवर हिंदी. इंग्रजीचं एक अख्खं वाक्य कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगण्यासाठी बोलतंय, असं आमच्या मुलांच्या कानावर दिवसभरात पडतच नाही. उरतो तो शाळेतला एक तास, आणि त्या तासातला एक आवाज, म्हणजे शिक्षकाचा.

आता शिक्षकाकडे हे इंग्रजी आलं कुठून? महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० सालच्या जूनमध्ये. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटलं. आम्ही फळ्यावरून वहीत आणि वहीतून परीक्षेच्या पेपरात इंग्रजी नेलं. व्याकरण पक्कं झालं, निबंध पाठ झाले, पण भाषा कानातून आत गेली नाही. परीक्षेनेही कानाची फार कधी विचारपूस केली नाही. दहावीच्या इंग्रजीला तोंडी परीक्षेचे २० गुण असतात. २०१९ च्या मार्चच्या परीक्षेला ते काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत आणले. ते परत आले याचा मला आनंद झाला. गुणांसाठी का होईना, मुलाने तोंड उघडलं पाहिजे आणि दुसऱ्याने ते कान देऊन ऐकलं पाहिजे, हे त्यामुळे कागदावर तरी राहिलं.

ऐकणं-बोलणं शिकवताना यंत्राचा उपयोग कसा करायचा याचा पहिला धडा मला संगणकाने नाही, रेडिओने दिला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ नावाचा कार्यक्रम तयार केला होता. तो आकाशवाणीवरून शाळांसाठी लागायचा. त्यात पाठ वाचून दाखवणं नव्हतं. रेडिओतली पात्रं वर्गातल्या मुलांना प्रश्न विचारायची आणि थांबायची. त्या थांबण्यात मुलांनी उत्तर द्यायचं. मग रेडिओ पुढे बोलायचा, जणू त्याने उत्तर ऐकलंय. शिक्षकाने वर्गात फिरायचं, इशारे करायचे, मुलांना उठवायचं-बसवायचं. ही पद्धत १९७० च्या दशकात निकाराग्वात गणित शिकवण्यासाठी वापरली गेली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केनियातल्या शाळांत इंग्रजीसाठी. जिथे शिक्षकाला स्वतःलाच इंग्रजी कमी ऐकायला मिळतं, तिथे ही पद्धत मोठा आधार देते.

मला त्यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटलं, तर ते थांबणं. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा त्यांना आढळलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकाच सेकंदात पुढे बोलायला लागतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलं लांब उत्तरं देतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्न ऐकायचा असतो, तो घरच्या बोलीत समजून घ्यायचा असतो, उत्तर शोधायचं असतं, मग त्याचे शब्द जुळवायचे असतात. चाळीस मुलांच्या वर्गात, घड्याळाकडे बघत, माणसाला थांबणं अवघड जातं. यंत्राला सांगून ठेवलं की ते थांबतं.

रेडिओची अडचण एकच, कार्यक्रम एकदा गेला की गेला. वर्गात त्या वेळी गोंगाट झाला, वीज गेली, की पाठ हातचा जायचा. संगणक आला आणि ती अडचण मिटली. शाळेत लॅपटॉप आणि स्पीकर आल्यावर मी ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. त्यात आवाज चित्रासारखा दिसतो, बोललं की डोंगर, थांबलं की सपाट रेघ. प्रश्नानंतरची रेघ हवी तेवढी लांबवता येते. बोलण्याचा वेग कमी करता येतो आणि तरी आवाजाची पट्टी बदलत नाही, म्हणजे माणूस घोगरा वाटत नाही. पंख्याची घरघर थोडी वेगळी ऐकवली की सगळ्या फाइलमधून ती बरीचशी पुसता येते. ध्वनिमुद्रणासाठी आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर दोन-तीन गोधड्या टांगायचो. त्यामुळे भिंतीवरून येणारा घुमारा कमी होतो. पावसाळ्यात मात्र पत्र्यावर सर सुरू झाली की काम बंद.

मुलांना पहिल्यांदा नेहमीच्या वेगातलं इंग्रजी ऐकवलं तेव्हा वर्ग भांबावला. ‘व्हॉट इज युअर नेम’ हे त्यांना येत होतं, पण चार सुटे शब्द म्हणून. बोलणारी माणसं ते ‘वॉट्सयर्नेम’ असं एका दमात म्हणतात. एक पोरगा म्हणाला, “मॅडम, हे तं लयच भर्रकन बोलते, मदातलं गिळूनच टाकते.” त्याने नेमकं तेच सांगितलं जे भाषाशास्त्राच्या पुस्तकांत लांबलचक लिहिलेलं असतं. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत मोजक्या अक्षरांवर जोर पडतो आणि मधली अक्षरं दबून जातात. हे समजावून सांगून कळत नाही. वेग कमी करून ऐकवायचं, मग थोडा वाढवायचा, मग खऱ्या वेगात आणायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला मुलांचे डोळे एकदम मोठे होतात, कारण गिळलेला शब्द त्यांना सापडलेला असतो. कितीही वेळा तेच ऐकवलं तरी लॅपटॉप वैतागत नाही, आणि मुलाला ‘परत सांगा’ म्हणायची लाज वाटत नाही. शिकवण्यात लाजेचा हिशोब कुणी मांडत नाही, पण बोलायला शिकताना सगळ्यात मोठी अडचण तीच असते.

बोलण्याच्या बाजूला आमच्या वऱ्हाडी जिभेच्या स्वतःच्या सवयी आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ए’ आमच्याकडे ‘ये’ होतो. म्हणून अंड्याचं इंग्रजी ‘यग’, आणि इंग्रजी अक्षरं म्हणताना ‘यल, यम, यन’. ‘स’ला जोडून व्यंजन आलं की आधी ‘इ’ लागतो, म्हणून ‘इस्कूल’. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक ऐकू येत नाही, कारण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं बघत नाही. जहाज आणि मेंढी एकाच आवाजात निघून जातात. मी अशा शब्दांच्या जोड्या ध्वनिमुद्रित केल्या आणि खेळ केला. आवाज आला की मुलांनी जहाजाच्या चित्राकडे पळायचं किंवा मेंढीच्या. आधी ते आवाज कानात वेगळे झाले, जिभेवर त्यानंतर. कानाला फरक कळायच्या आधी जिभेला दटावण्यात काही अर्थ नाही, हे मी माझ्या वर्गात पुन्हा पुन्हा बघितलंय.

‘यग’ म्हणणाऱ्या मुलाला हसणारी माणसं मला आवडत नाहीत. त्याची जीभ चुकत नसते, ती आपल्या भाषेच्या नियमाने चालत असते. दुसऱ्या भाषेचा नियम वेगळा आहे एवढंच त्याला दाखवायचं असतं.

मग मुलांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकवायला सुरुवात केली. पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच: “हा माहा आवाज नाई!” आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो तसा कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो, आणि हाडांतून येणारा भाग त्याला जाडी देतो. ध्वनिमुद्रणात तो भाग नसतो, म्हणून आवाज बारीक आणि परका वाटतो. विज्ञानाच्या तासाला ध्वनी शिकवताना याइतकं चांगलं उदाहरण नाही. ओळख पटली की मुलं आपलं वाक्य ऐकतात, मग मूळ वाक्य ऐकतात, आणि न सांगता पुन्हा बोलतात. हेडफोनच्या एका जोडणीला तीन-चार फाटे काढणारा स्वस्तातला स्प्लिटर आणला होता. एका लॅपटॉपभोवती चौघं बसायची आणि एकमेकांना दुरुस्त करायची. माझ्यापेक्षा त्यांची एकमेकांवरची नजर कडक. मुलांचे हे आवाज मी कुठल्याही ग्रुपवर टाकत नाही. ते शाळेच्या मेमरी कार्डावर राहतात आणि वर्ष संपलं की पुसले जातात. मुलाचा अडखळणारा आवाज ही त्याची खासगी गोष्ट आहे.

तांड्यावरून येणारी एक मुलगी होती. आमच्या जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे त्यांचं श्रद्धास्थान याच जिल्ह्यात. घरी गोरबोली, ती राजस्थानी भाषांच्या कुळातली. म्हणजे या मुलीसाठी शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा होती, आणि इंग्रजी तिसरी की चौथी, हे मोजायचं कुणी? वर्गात ती बोलायची नाही. मान हलवायची, लिहायची सुंदर. हेडफोन लावून कोपऱ्यात गोधड्यांमागे बसली की मात्र फाइलमधल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची. पहिल्यांदा तिची फाइल ऐकली तेव्हा मी थक्क झाले. वाक्यं पूर्ण, आवाज खणखणीत. समोर बघणारं कुणी नव्हतं आणि उत्तरासाठी जागा होती, एवढंच तिला हवं होतं. पुढे मी त्या जागा हळूहळू यंत्राकडून माणसांकडे आणल्या. आधी तिच्यासोबत एक मैत्रीण बसवली, मग दोघींनी प्रश्नोत्तरं ध्वनिमुद्रित केली, मग तेच वर्गासमोर. यंत्र तिला बोलतं करून बाजूला झालं.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवायला सुरुवात केली. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएलच्या फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका आली. दोन्हींचा आधार झाला. पण बोलणं शिकवायचं तर मुलाचा आवाज माझ्यापर्यंत यायला हवा होता. घरात फोन एक, आणि तो बापासोबत वावरात. म्हणून मी सकाळी एक छोटा प्रश्न आवाजात पाठवायचे, उत्तरं दिवेलागणीनंतर यायला लागायची. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत तर रात्री उशिरा. त्या उत्तरांत मागे मळणीयंत्राचा आवाज असायचा, म्हशीचा असायचा, आजीचं “काय बडबडून रायला बापा एकटाच” असायचं. मी एकदा विचारलं, आज घरी काय रांधलं ते इंग्रजीत सांगा. एका मुलाने ठेच्याची पूर्ण कृती सांगितली. त्याला मिरचीचा, मिठाचा, भाजण्याचा इंग्रजी शब्द येत होता, पाट्या-वरवंट्याचा येत नव्हता. तिथे तो थांबला, आणि मग “माय इज डुइंग धाड धाड” म्हणून पुढे गेला. भाषा बोलणं म्हणजे हेच, अडलं की रस्ता काढायचा. पाठ्यपुस्तकातल्या तयार संवादातून हे कधी आलं नसतं. छोट्या आवाजी निरोपांनी जे केलं ते व्हिडिओच्या मोठमोठ्या पाठांनी केलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. निरोप पुन्हा ऐकता येतो, पाठवण्याआधी खोडून नव्याने बोलता येतो, आणि नेटवर्क कितीही कमी असलं तरी रात्रीतून पोचतो.

शाळा उघडल्यावर ऐकणाऱ्या यंत्रांचा जमाना आला. गुगलचं ‘बोलो’ हे अ‍ॅप २०१९ मध्येच आलं होतं, पुढे ‘रीड अलाँग’ झालं. त्यात मूल मोठ्याने गोष्ट वाचतं आणि ‘दिया’ नावाची बोलकी सोबतीण ऐकते. शब्द अडला तर म्हणून दाखवते, नीट वाचलं तर शाबासकी देते. मराठीही आहे, इंग्रजीही, आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमधूनही ऐकण्याचं साहित्य मिळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवले होते. त्यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत आपल्याच घरातलं कुणी जिंकल्यासारखा आनंद होता.

बोललेलं टिपून घेणारं यंत्र भाषा शिकण्यासाठी कसं वापरता येतं याचा एक जुना प्रयोग मी वाचला होता. सुगता मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या गरीब वस्तीतल्या मुलांना बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर दिलं आणि सांगितलं, हे यंत्र तुमचं बोलणं बरोबर लिहील असं बोला. शिक्षक नव्हता. मुलं गटाने बसली, यंत्राने चुकीचं लिहिलं की पुन्हा बोलली, आणि काही महिन्यांत त्यांचे उच्चार सुधारले. २००३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. आज तेच यंत्र प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. मी ते इंग्रजीसाठी वर्गात वापरलं. ‘शिप’ म्हटल्यावर पडद्यावर मेंढी आली की मुलं आपोआप सावध होतात.

पण त्याच फोनवर मुलं मराठी बोलायला लागली तेव्हा मला काळजी वाटली. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळी’ची ‘केयी’. “माह्या डोयात कचरा गेला” असं मुलगा म्हणाला आणि यंत्राने भलतंच काहीतरी लिहिलं. तो दुसऱ्यांदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, मले मराठी येत नाई का?” मी तिथेच तो तास थांबवला. इंग्रजीत यंत्राचं न समजणं हा शिकण्याचा इशारा होता, कारण ती भाषा आम्ही शिकत होतो. मराठीत त्याच यंत्राचं न समजणं हा त्या मुलावर अन्याय होता. त्याची भाषा पूर्ण होती, अपुरं होतं ते यंत्राने ऐकलेलं. ज्या आवाजांवर ते तयार झालं, त्यांत वऱ्हाडचे आवाज कमी असणार.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं ऐकवली. राज्यभरच्या गावांत जाऊन त्यांनी साध्या माणसांचं बोलणं टिपलंय आणि ते संकेतस्थळावर सगळ्यांना ऐकता येतं. कोकणातलं ऐकून मुलं चकित झाली, वऱ्हाडातलं लागलं तेव्हा वर्ग उसळला: “हे तं आपल्यासारखंच!” पुण्याच्या एवढ्या मोठ्या संस्थेने आपल्या आजीसारखं बोलणाऱ्या बाईचं बोलणं जपून ठेवलंय, याचा त्यांच्यावर झालेला परिणाम मी समजावून सांगून झाला नसता. मग आम्ही नियम केला. इंग्रजीच्या तासाला यंत्र कान तपासेल, मराठीच्या तासाला आपण यंत्राला तपासू. कुठले शब्द त्याला कळत नाहीत त्यांची यादी मुलंच करतात. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये कुणालाही मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो, आणि केंद्र सरकारचं ‘भाषिणी’ २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करतंय. अशा संग्रहांत वाशिम, अकोला, यवतमाळकडचे आवाज गेले पाहिजेत. कॉलेजात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना मी हे आग्रहाने सांगते.

आता फोनमधले मदतनीस इंग्रजीत गप्पाही मारतात, आणि सरावासाठी ते चांगले आहेत. पण आमच्या मुलांना मी सगळ्यात उत्सुकतेने बोलताना बघितलंय ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा. समुद्राजवळच्या त्या मुलांना सोयाबीन कसं दिसतं ते माहीत नव्हतं, आमच्यांना भरती-ओहोटी. विचारायला खरं काही होतं. आठवडाभर आधी मुलांनी प्रश्न ध्वनिमुद्रित करून, ऐकून, सुधारून ठेवले होते. प्रत्यक्षात नेटवर्क दोनदा तुटलं, तरी दोन्हीकडची मुलं पुन्हा जोडलं जाईपर्यंत जागची हलली नाहीत.

सध्या सातवीची मुलं पहिलीसाठी फाइली तयार करतायत. प्रत्येक प्रश्न तीनदा, आधी गोरबोलीत किंवा वऱ्हाडीत, मग शाळेच्या मराठीत, मग इंग्रजीत. गोरबोलीची जबाबदारी तांड्यावरच्या मुलांनी घेतलीय. ‘आई’साठी ‘याडी’ म्हणायचं, ते कुणी म्हणायचं आणि कसं, यावर त्यांचं एकमत झालंय. एकमत झालेलं नाही ते प्रश्नानंतर किती सेकंद सोडायचे यावर. काहींना चार पुरेत असं वाटतं. बाकीचे म्हणतात, पहिलीतलं पोर आधी इकडेतिकडे बघते, मग हसते, मग बोलते, त्याला आठ पाहिजेत. शेवटी दोन्ही फाइली करून पहिलीच्या वर्गात लावून बघायच्या, असं ठरलंय.